रस्त्याने जाणारी शिडाची नाव

शिडाची नाव समुद्रात हिंडते, यात नवल नाही. पण तीच नाव सकाळी मोटारीमागे चाकांच्या गाडीवर बसून गावातून निघावी, दुपारी समुद्रात उतरावी, दोनचार दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडावी, रात्री तिच्यातच माणसांनी निजावे आणि शेवटी तिने पुन्हा गाडीवरून घरच्या अंगणात यावे, हे कसे साधले? त्याचाच थोडा इतिहास आज पाहू.

मुळात अडचण कोठे आहे ते ध्यानात घ्या. वारा मागून असला तर पाण्यावर सूपसुद्धा पुढे जाईल. वारा बाजूने आला की मात्र नाव आडवी ढकलली जाते. ते ढकलणे रोखायला बुडाखाली उभी, खोल फळी हवी. पण अशी खोल नाव वाळूला लागते, खाडीत शिरत नाही आणि गाडीवर तर नीट बसतच नाही. म्हणजे समुद्राला खोली हवी आणि रस्त्याला नको.

जॉन शँक नावाच्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने १७७४ साली अमेरिकेत बोस्टन येथे एक लहान नाव बांधली. तिच्या बुडाची फळी वरखाली सरकणारी होती. पुढे १८११ साली न्यू जर्सीतील स्वेन बंधूंनी बुडाखाली सोडता येणाऱ्या फळीचे पेटंट घेतले. खोल पाण्यात फळी खाली सोडायची, उथळ जागी वर ओढायची. फळीला खिळीवर फिरती ठेवली, की ती तळाला लागताच आपोआप वर उचलली जाते.

युक्ती सोपी, पण तिची किंमत होती. फळी उचलता येते म्हणून बांधणाऱ्यांनी नावा रुंद आणि उथळ केल्या. २० जुलै १८७६ रोजी न्यूयॉर्कजवळ स्टेटन बेटापाशी ‘मोहॉक’ ही अशीच नौका नांगरलेली होती. लांबी सुमारे १४० फूट, पण बुड पाण्यात अवघे ६ फूट. शिडे उभारलेली असताना अचानक वाऱ्याचा झोत आला आणि ती कलंडली. आतले बांधून न ठेवलेले वजन एका अंगाला घसरले. मालक विल्यम गार्नर, त्याची पत्नी आणि आणखी काही माणसे बुडाली.

असे का व्हावे? शिक्षकांनी हा प्रयोग मुलांना जरूर दाखवावा. हौदात एक परात सोडा. ती किती स्थिर वाटते! थोडी कलली तरी पुन्हा सरळ होते. पण एकदा काठ पाण्याखाली गेला की संपलेच. आता बाटलीत तळाशी वाळू घालून बूच घट्ट लावा आणि ती पाण्यात सोडा. ती डुलत राहील, पण आडवी पाडलीत तरी पुन्हा उभी होईल. रुंदीने येणारी स्थिरता पहिल्या धक्क्यापुरती असते. तळाच्या वजनाने येणारी शेवटपर्यंत टिकते. या वजनालाच आपले दर्यावर्दी नीरम म्हणतात. आपल्या कोकणातल्या कोळ्यांनी लहान होडीसाठी तिसरीच वाट काढली: बाजूला उलांडी बांधून तोल राखायचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर चिकट रसायने आणि पाण्याने न सुटणारे प्लायवुड सर्वांच्या हाती आले. नाव हलकी झाली आणि स्वस्तही झाली. १९५७ साली इयन प्रॉक्टर या इंग्रज रचनाकाराने ‘वेफेअरर’ नावाची होडी आखली. लांबी १५ फूट १० इंच, रुंदी सुमारे ६ फूट. फळी उचलता येते, डोलकाठी आडवी पाडता येते, वर तंबू ताणून दोघांना निजता येते. तिच्यात नीरम नाही. तोल सांभाळायचा तो माणसांनी आपल्या वजनाने. पण पुढे नि मागे हवेचे बंद कप्पे असल्याने ती उलटली तरी बुडत नाही. बाहेर निघालेल्या फळीवर उभे राहून माणसे तिला पुन्हा सरळ करू शकतात.

अशाच एका होडीतून फ्रँक डाय हा इंग्रज १९६३ साली एका सोबत्यासह स्कॉटलंडहून आइसलंडला गेला. १९६४ साली नॉर्वेच्या वाटेवर वादळाने त्यांची होडी वारंवार उलटवली आणि डोलकाठीही मोडली. तरी दोघे जिवंत पोहोचले. होडी किनाऱ्यासाठी आखलेली होती. तिला खुल्या समुद्रात तारले ते त्या बंद कप्प्यांनी आणि दोघांच्या तयारीने.

पुढे याच धर्तीवर लहान खोलीच्या नावाही निघाल्या. काहींच्या उचलत्या फळीलाच जड लोखंडाची करून नीरमाचे काम दिले. पण वजन वाढवावे तर गाडी ओढवत नाही, कमी करावे तर समुद्रात तोल राहत नाही. शिवाय गाडीवर ती बसवायची कशी, हे बैलगाडीवाल्याला सांगायला नको. भार मागे गेला तर गाडी उलाळ होते, फार पुढे आला तर ओढणाऱ्यावर बसतो.

या नावांमुळे समुद्रविहार बंदराकाठच्या श्रीमंतांपुरता राहिला नाही. समुद्रापासून दूर राहणाऱ्या साध्या माणसालाही तो जमू लागला. मात्र मिळालेल्या सोयीची किंमत कोठे मोजली आहे, हे ज्याला ठाऊक तोच सुखरूप परत येतो. तेव्हा शिडाची नाव पाहाल तेव्हा शिडाकडे मग पाहा, आधी तिचे बुड पाहा.