सांगोल्याचा करार आणि वेशीवरचा माणूस

14 एप्रिलला आपली मंडळे चवदार तळ्याचा देखावा करतात, काळाराम मंदिराचा करतात, संसद भवनाचा करतात. करावेतच. पण सांगोल्यातल्या मंडळांना आमचा एक सवाल आहे. महाराष्ट्राची सत्ता छत्रपतींच्या हातून पेशव्यांच्या हाती गेली, तो करार याच गावात झाला. त्याचा देखावा आपण कधी करणार?

आधी इतिहास पाहू. 15 डिसेंबर 1749 रोजी छत्रपती शाहू महाराज वारले. ताराराणींचा नातू म्हणून पुढे आणलेले रामराजे गादीवर आले. पुढच्या वर्षी प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव यांनी सांगोल्याचा कोट धरून पेशव्यांना आव्हान दिले. सदाशिवरावभाऊ फौज घेऊन चालून आले, सोबत रामराजांनाही घेऊन आले. यमाजींना हार पत्करावी लागली. सप्टेंबर 1750 मध्ये इथेच रामराजांनी राज्यकारभाराचे अधिकार पेशव्यांकडे सोपवायला मान्यता दिली. शिवरायांची गादी साताऱ्यात राहिली, कारभार पुण्याला गेला. हाच सांगोल्याचा करार.

आता देखावा. चार फूट बाय तीन फुटांची फळी घ्यावी. माणसे दोन इंच उंचीची, आत तार, वर शाडू, त्यावर पोस्टर रंग. मधोमध दरबार. तिथे भगवा, लाल, सोनेरी असे भडक रंग द्यावेत, म्हणजे बघणाऱ्याचे डोळे आधी तिथेच जातील. जाऊ द्यावेत. बाकी साऱ्या फळीला माणदेशच्या मातीचा फिका रंग. आपल्याला जे सांगायचे आहे ते त्या फिक्या रंगात ठेवायचे. वाकून शोधल्याशिवाय ते दिसता कामा नये, कारण इतिहासातही ते तसेच दडवले गेले आहे.

पहिली खूण वेशीवर. तिथे वेसकर महार उभा करावा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, दरबाराकडे पाठ. गावाची राखण, सरकारी सांगावे पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, सारे वतनाच्या नावाखाली त्याच्या माथी. गावच्या शिवेचा वाद पेटला की साक्षीला त्यालाच बोलवायचे. गावाची हद्द कुठवर हे सांगायला जो चालतो, त्याला राज्य कुणाचे हे कुणी विचारले का? या वतनाच्या कायद्यात बदल करावा म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. महार वतन रद्द करणारा कायदा व्हायला मात्र 1958 उजाडले. तोवर बाबासाहेब राहिले नव्हते.

दुसरी खूण तटाच्या पायथ्याशी. चार दगड ढासळलेले आणि त्यातल्या एकावर बुक्क्याचे बोट. शेजारच्या मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून संत चोखोबा गेले, ते साल 1338 मानतात. पंढरपूरला त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, देवळाच्या बाहेर. ज्यांनी तट बांधले त्यांना तटाच्या आत जागा नव्हती, एवढेच त्या बोटाने सांगायचे.

तिसरी खूण गादीच्या मागे, एक छोटे संबळ. करारानंतर दोन-तीन महिन्यांतच ताराराणींनी रामराजांना साताऱ्यात कैद केले आणि हा आपला नातू नव्हेच, हा तर गोंधळी, असे जाहीर केले. राजाला खोटा ठरवायचे तर त्याची जात काढायची! सिंहासनापर्यंत पोचलेली ही जातीची दहशत गावकुसाबाहेर काय करत असेल?

इथे आमचे काही कार्यकर्ते म्हणतील, वेसकराच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू का नको? तर नको. बाबासाहेबांनी 1936 च्या जातिनिर्मूलनावरील निबंधात ती प्रथा पेशव्यांच्या राजधानीतली, म्हणजे पुण्यातली म्हणून सांगितली आहे. ती पुण्याच्या देखाव्यात दाखवावी. सांगोल्याचा पुरावा हाती नसताना इथे दाखवली, तर विरोधक त्या एका मडक्यावर बोट ठेवून सगळा देखावा खोटा ठरवतील. आपल्या बापजाद्यांचे दुःख वाढवून सांगायची गरज नाही, ते आहे तेवढेच पुरे आहे. म्हणून देखाव्याशेजारी एक पाटी लावावी, तिच्यावर दोन रकाने: नोंद आणि प्रतीक. करार, वेसकराची कामे, ताराराणींचा आरोप हे नोंदीत. वेसकराची पाठ, दगडावरचा बुक्का, संबळ हे प्रतीकात. दरबाराची मांडणी आपल्या कल्पनेतली, तेही स्पष्ट लिहावे. पुराणे रचणाऱ्यांनी कधी असे रकाने पाडले नाहीत. आपण इतिहास सांगतो, म्हणून आपण पाडायचे.

राहिली फळीची मागची बाजू. ती निळी रंगवावी आणि तिच्यावर एकच तारीख लिहावी, 26 जानेवारी 1950. सांगोल्याच्या कागदाने सत्ता एका घराण्याकडून दुसऱ्या घराण्याकडे नेली. वेशीवरच्या माणसाला त्यात काहीच मिळाले नाही, त्याचे मालक तेवढे बदलले. जवळजवळ 200 वर्षांनी दुसरा कागद अमलात आला. तो कुणा राजाच्या नव्हे, लोकांच्या नावाने सुरू होतो, आणि त्याने वेसकराच्या वारसाला धन्याइतकेच एक मत दिले. आज सत्तेचे सौदे पुन्हा बंद दाराआड होऊ लागले असताना या दोन कागदांतला फरक आपल्या पोरांना कळलाच पाहिजे.

तेव्हा मंडळांना एकच विनंती. हा देखावा भिंतीला टेकवून ठेवू नका. चौकाच्या मध्ये ठेवा, लोकांना मागच्या बाजूने फिरू द्या.

जय भीम.