ताब्याच्या दाव्यातील किशोरवयीन मुलाचे मत

आईवडील घटस्फोट घेत असताना किंवा विभक्त राहत असताना अज्ञान मुलाने कोणाजवळ राहावे, हे ठरवण्यापूर्वी न्यायालय त्या मुलाची इच्छा जाणून घेऊ शकते. भारतीय कायद्यात ही इच्छा विचारात घेण्याची बाब आहे, निकाल तिला बांधील नाही. अमुक वयापासून मूल स्वतः पालक निवडू शकते, असे कोणतेही वय कायद्यात लिहिलेले नाही.

मूळ तरतूद जुनी आहे. पालक व पाल्य अधिनियम, 1890 च्या कलम 17(3) नुसार, समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मूल मोठे असेल तर न्यायालय ती पसंती लक्षात घेऊ शकते. हा कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. हिंदू विवाह अधिनियम, 1955 चे कलम 26 एक पाऊल पुढे जाते : ताबा, पोटगी आणि शिक्षण यांविषयीचे आदेश शक्य तेथे मुलांच्या इच्छेशी सुसंगत असावेत, असे ते सांगते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे ठेवतो, मात्र कलम 13 प्रमाणे मुलाचे कल्याण सर्वांवर आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. दुसऱ्या, हनफी पंथाच्या मतात मुलगा साधारण सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईजवळ असते. शाफई फिक्हमध्ये (धर्मशास्त्रात) मात्र जाण आलेल्या, म्हणजे साधारण सात वर्षांच्या मुलाला आई की बाप हे विचारण्याची परंपरा आहे. मुलाला विचारणे ही केवळ आधुनिक कल्पना नाही, एवढे त्यावरून दिसते. न्यायालयात अर्थात मुसलमान कुटुंबांच्या दाव्यांतही कल्याणाचाच निकष चालतो.

मुलाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सहसा उभे करत नाहीत. न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावतात आणि आईवडील व वकील यांना बाहेर ठेवून त्याच्याशी बोलतात. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, 1984 खाली समुपदेशकाची मदत घेता येते. मुलाने कोणाचे नाव घेतले यापेक्षा ते का घेतले, याला वजन असते. शाळा, भावंडे, आजी, घरातील मारहाण ही कारणे टिकतात; मोबाइल किंवा मोकळीक मिळते म्हणून केलेली निवड टिकत नाही. ‘मुलाचे कान भरले आहेत’ हा आरोप जवळजवळ प्रत्येक दाव्यात होतो आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंनी. मुंबईतील एका पारशी दांपत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये याच कारणाने मुलीची पसंती बाजूला ठेवून ताबा आईला दिला. उलट 2008 मध्ये त्याच न्यायालयाने सुमारे दहा वर्षांच्या मुलाची वडिलांजवळ राहण्याची इच्छा मानली. वय वाढते तसे मताचे वजन वाढते, हे खरे. सोळा वर्षांच्या मुलाला त्याच्या मनाविरुद्ध एखाद्या घरात ठेवणे व्यवहारातही अवघड असते.

दावा कोठे चालतो हे मूल सामान्यतः कोठे राहते यावर ठरते (1890 च्या अधिनियमाचे कलम 9). बाप मुंबईत किंवा आखातात, आई नोकरीच्या गावी आणि मूल खेड-संगमेश्वरकडे आजीजवळ, अशी घरे कोकणात नवी नाहीत. तेव्हा या कलमावरूनच पहिला वाद होतो. कौटुंबिक न्यायालय नसेल तेथे पालकत्वाचा अर्ज जिल्हा न्यायालयात चालतो.

खरी उणीव संमतीच्या घटस्फोटांत आहे. ताब्याच्या अटी आईवडील आपसांत ठरवून लिहून आणतात. वाद नसल्याने मुलाला विचारण्याचा प्रसंगच अनेकदा येत नाही आणि चौदा वर्षांच्या मुलीला आपली शाळा बदलणार हे सर्वांत शेवटी कळते. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेचे कलम 12 मुलाला त्याच्याविषयीच्या निर्णयात ऐकले जाण्याचा हक्क देते, आणि भारताने ही संहिता 1992 मध्ये स्वीकारली. तरीही संमतीच्या अर्जात मुलाशी बोलणे सक्तीचे करणारी तरतूद हिंदू विवाह अधिनियमात नाही. ती हवी.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती किंवा मुलाचे मत बदलल्यास तो बदलून मागता येतो. मूल अठरा वर्षांचे झाले की ताब्याचा प्रश्न संपतो. आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात जायचे झाल्यास, ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी जिल्ह्यातील प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे.