‘बोट’ नावाची कॅसेट



यंदा पेसाखच्या साफसफाईत आमच्या थोरल्या भावाच्या घरी माळ्यावरून बुटांचा एक खोका निघाला. आत चौदा कॅसेट. बहुतेकांवर बाबांच्या वळणदार मराठी अक्षरात लिहिलेले: ‘मुकेश’, ‘लता जुनी’, ‘धाकट्याची मेंदी’. दोन कॅसेटवर मात्र एकच शब्द होता, ‘बोट’. नातवंडांना वाटले, आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याशी बोट फुटून आले, त्याचे कुठले तरी गाणे असणार. आम्ही भावंडे एकमेकांकडे पाहून हसलो. ही बोट वेगळी. ती तेल अवीवच्या समोर समुद्रात नांगर टाकून उभी असे आणि तिच्यावर एक रेडिओ स्टेशन होते. त्या स्टेशनला कोणत्याही सरकारचा परवाना नव्हता.

परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांना ही हकीकत ठाऊक नाही, म्हणून ती लिहून ठेवत आहोत. सुरुवात मात्र मुंबईपासून करावी लागेल.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या हौशी रेडिओवाल्यांची प्रक्षेपणे बंद केली. घरात स्वतः जोडलेल्या यंत्रावरून दूरदूरच्या लोकांशी बोलणारी ही मूठभर मंडळी. त्यांना आपापली यंत्रे सरकारजमा करायला सांगितले गेले. पण अंगातली विद्या कोण जमा करून घेणार? ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला, पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधने आली. तेव्हा विशीतल्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. त्याच्या यंत्राची जुळवाजुळव नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याकडे होती. स्टेशन ४२.३४ मीटरवर लागे आणि आपला पत्ता सांगे तो एवढाच की, आम्ही हिंदुस्थानातून कुठून तरी बोलत आहोत. लहरी पकडणाऱ्या पोलिसांच्या गाड्या मागावर असल्याने मंडळी सारखी जागा बदलत. नोव्हेंबरमध्ये छापा पडला आणि खेळ संपला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

तीन महिन्यांचेच ते स्टेशन. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. परवाना असलेल्या स्टेशनचे वेळापत्रक छापून येते, लोक ठरल्या वेळी रेडिओ लावतात. परवाना नसलेल्या स्टेशनला ती सोय नाही. ते कोणाला तरी सापडावे लागते. सापडलेल्याने शेजाऱ्याच्या कानात सांगावे लागते. तेवढ्यावरच ते जगते.

त्याच मुंबईत त्या वेळी एबी नाथन नावाचा एक यहुदी मुलगा वाढत होता. जन्म १९२७ चा, इराणमधल्या अबादानचा. लहानपणीच मुंबईला आला आणि तिथेच शिकला. तो बेने इस्रायल नव्हता, पण मुंबईचे पाणी प्यायलेला. १९४४ मध्ये तो विमानदलात शिरला आणि वैमानिक झाला. १९४८ च्या युद्धात स्वयंसेवक वैमानिक म्हणून इस्रायलला गेला आणि तिथलाच झाला. पुढे तेल अवीवमध्ये त्याने ‘कॅलिफोर्निया’ नावाचे रेस्टॉरंट काढले, ते चांगले चालले. १९६५ ची निवडणूक त्याने लढवली. आपण विमानाने इजिप्तला जाऊन शांततेची बोलणी करू, असे तो सांगत होता. निवडून आला नाही, तरी फेब्रुवारी १९६६ मध्ये जुन्या दोन पंखी विमानातून तो खरोखरच पोर्ट सैदला जाऊन उतरला. विमान पडून तो मेला अशी बातमी आधी पसरली. इजिप्तवाल्यांनी त्याला नासरची भेट काही घडवली नाही, पण सुखरूप परत पाठवले.

यानंतर त्याच्या डोक्यात रेडिओचे जहाज आले. कल्पना नवी नव्हती. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या वाचकांतल्या वडीलधाऱ्यांना ‘रेडिओ कॅरोलाइन’ आठवत असेल. बीबीसीवर तरुणांची गाणी पुरेशी लागत नाहीत म्हणून १९६४ च्या ईस्टरला एका जहाजावरून ते स्टेशन सुरू झाले. देशाच्या सागरी हद्दीबाहेर जहाज उभे करायचे, त्यावर दुसऱ्याच देशाचा झेंडा लावायचा, मग किनाऱ्यावरचा कायदा तिथवर पोचत नाही, ही ती युक्ती. १९६७ मध्ये ब्रिटनने कायदा करून अशा जहाजांना किनाऱ्यावरून जाहिराती आणि रसद पुरवणे गुन्हा ठरवले.

एबीने ‘सीटो’ नावाचे जुने डच मालवाहू जहाज मिळवले, त्याचे नाव ‘पीस’ ठेवले, पनामाचा झेंडा लावला आणि मे १९७३ मध्ये ‘व्हॉइस ऑफ पीस’ सुरू केले. मीडियम वेव्हवर १५४० किलोहर्ट्‌झ, म्हणजे काट्याच्या अगदी शेवटच्या टोकाजवळ. पुढे ते एफएमवर १०० वरही लागू लागले. निवेदक बरेचसे इंग्लंडहून आलेले पोरगे, भाषा मुख्यतः इंग्रजी, गाणी पाश्चात्त्य. अधूनमधून हिब्रू आणि अरबी. आणि ओळख कशी करून देत? भूमध्य समुद्रातून कुठून तरी! मुंबईच्या त्या १९४२ च्या ओळीची ही सख्खी बहीणच म्हणायची. एबीने ती ओळ लहानपणी ऐकली होती का, हा प्रश्न आमच्या मनात नेहमी येतो. लपणाऱ्याची भाषा सगळीकडे सारखीच होत असेल, असेही वाटते.

आम्हाला ती बोट सापडली ती बाबांमुळे. आम्ही तेव्हा लोदच्या शिकूनमध्ये राहत होतो, तिसऱ्या मजल्यावर. रात्री जेवणे झाली की बाबा ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवून आकाशवाणी शोधत बसत. शॉर्टवेव्हवर खरखरीतून एखादे रफीचे गाणे हाती लागले की त्यांचा चेहरा उजळे. एका रात्री आकाशवाणी काही लागेना, म्हणून त्यांनी पट्टा बदलला आणि काटा उगाच शेवटपर्यंत नेला. तिथे एक स्वच्छ, जवळचा आवाज होता. इंग्रजी बोलणारा. बाबा मुंबईला रेल्वेत होते, इंग्रजी त्यांना उत्तम येई. हिब्रू मात्र शेवटपर्यंत अडखळतच राहिली. त्या आवाजाचे त्यांना सगळे कळत होते. आईला हाक मारून म्हणाले, “अगं ऐक, हा समुद्रातून बोलतोय.”

दुसऱ्या दिवशी शेजारच्या नानांना सांगितले, नानांनी प्रार्थनालयात सांगितले. आठवड्याभरात आमच्या जिन्यातल्या चार घरांत बोट लागत होती. अश्दोदच्या मावशीकडे तर दिवसाही खणखणीत लागे. कारण मीडियम वेव्हच्या लहरी खाऱ्या पाण्यावरून छान पसरतात, जमिनीवर लवकर दमतात. रात्री मात्र वातावरणातला लहरी शोषणारा थर विरतो आणि वरच्या थरावर आपटून त्या शेकडो मैल दूर उतरतात. म्हणून रात्री तीच बोट सीमेपलीकडच्या देशांतही ऐकू जाई. लहरींना पासपोर्ट लागत नाही, हे बाबांचे आवडते वाक्य.

आता जे लिहितो ते थोडे जड आहे. स्टेशन सुरू होऊन पाच महिने होत नाहीत तोच योम किप्पूरचे युद्ध आले. आमचा थोरला भाऊ सिनायमध्ये होता. तीन आठवडे त्याचा पत्ता नव्हता. तो परत आला, पण त्याच्या तुकडीतले दोघे आले नाहीत. त्या हिवाळ्यात घरात रेडिओ फक्त बातम्यांपुरता लागे. स्टेशनही पैशाअभावी मध्ये बंद पडले होते. पुढे ते पुन्हा लागू लागले तेव्हा दादा म्हणाला, “बंद करा ते. समुद्रात बसून शांतता सांगायला काय जातं?” बाबांनी मुकाट्याने बंद केले. आमच्या समाजात दादासारखे म्हणणारेच जास्त होते, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे. एबी नाथन म्हणजे सर्वांचा लाडका, असे कोणी आज सांगत असेल तर ते अर्धेच खरे.

मग बाबांनी त्या कॅसेट का भरल्या? हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळले. १९६२ मध्ये रब्बींच्या फर्मानाने बेने इस्रायलांच्या लग्नांत आजी-पणजीपर्यंतच्या चौकशा सुरू झाल्या. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे जेरुसलेमला धरणे धरून बसली, त्यात बाबा होते. ऑगस्टमध्ये क्नेसेटने सांगितले की, बेने इस्रायल सर्व बाबतींत यहुदीच आहेत. बाबा म्हणत, “त्या दोन वर्षांत आपण खरे असूनही आपल्याकडे शिक्का नव्हता.” एबीचे त्यांना पटत नसे. पण दादा नसताना ते काटा हळूच टोकाला नेत. एकदा आईने टोकले तेव्हा म्हणाले, “चुकत असेल तो. पण बोलू तर दे.”

सूर्यास्ताला त्या स्टेशनवर हिंसेत बळी पडलेल्यांसाठी काही क्षण शांतता पाळत. रेडिओवर शांतता म्हणजे नुसती खरखर. एका संध्याकाळी दादा खोलीत आला तेव्हा नेमकी तीच वेळ होती. तो काही बोलला नाही. बसला. खरखर संपली, गाणे लागले, तेव्हा उठून गेला. त्याने पुन्हा कधी रेडिओ बंद करायला सांगितले नाही.

परवान्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९८८ मध्ये एबीच्या अगदी उलट मताच्या लोकांनी ‘अरुत्झ शेव्हा’ हे स्टेशन त्याच युक्तीने जहाजावरून सुरू केले. नव्वदीनंतर तर जमिनीवरच, घराच्या गच्चीत अँटेना लावून, कितीतरी चोरटी स्टेशने निघाली. त्यांच्या लहरी बेन गुरियन विमानतळाच्या बोलण्यात घुसत. वैमानिकाला नियंत्रकाऐवजी दुसराच कोणी ऐकू येणे ही गंमत नव्हे. विमानतळ लोदला लागूनच, विमाने आमच्या डोक्यावरूनच उतरत. लहरी ही सार्वजनिक विहीर आहे. प्रत्येकाने वाटेल तसा पोहरा सोडला तर कोणालाच पाणी मिळत नाही. परवाना हवाच. पण जिथे विहिरीची किल्ली एकाच्याच कमरेला असते, तिथे लोक कुंपणावरून उडी मारतात, हेही तितकेच खरे. सरकारी रेडिओने १९७६ मध्ये हलक्याफुलक्या गाण्यांची ‘रेशेत गिमेल’ वाहिनी काढली, ती बोटीकडे गेलेले कान परत आणायलाच.

पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या नेत्यांना भेटणे तेव्हा कायद्याने गुन्हा होता. एबी यासर अराफतना भेटला आणि त्यासाठी दोनदा तुरुंगात गेला. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये ओस्लो करारावर सह्या झाल्या. ज्या माणसाला भेटल्याबद्दल एबीला कैद झाली, त्याच्याशी पंतप्रधानांनी हात मिळवला. त्याच वर्षी कर्जात बुडालेल्या एबीने स्टेशन बंद केले आणि जहाज भूमध्य समुद्रात बुडवले. तो २००८ मध्ये वारला. त्याच्या कबरीवर हिब्रूत एकच शब्द आहे, ‘निसिती’, म्हणजे ‘मी प्रयत्न केला’.

जहाज तळाशी गेले. आज त्या स्टेशनचे जे ऐकायला मिळते, त्यातले बरेचसे ऐकणाऱ्यांनी घरी भरून ठेवलेल्या कॅसेटमुळे. आम्ही ‘बोट’ची पहिली कॅसेट लावून पाहिली. फीत जागोजागी चिकटलेली. इंग्रजी निवेदक, एक गाणे, मग खरखर. आणि त्या खरखरीवर, खोलीतलाच, आईचा आवाज: “अहो, दादा आला. जेवायला वाढू का?” आई जाऊन एकोणीस वर्षे झाली. तिचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेही नाही. लग्नाच्या कॅसेटवर सगळे गातात, त्यात ती स्वयंपाकघरात आहे. भाऊ, आज अठ्ठ्याहत्तरचा, दोनदा ऐकून म्हणाला, “परत लाव.”

म्हणून वाचकहो, एक विनंती. आपल्या समाजाचा इतिहास आपण केतुब्यांत, कबरींवर, प्रार्थनालयांच्या वह्यांत शोधतो. तो बुटांच्या खोक्यांतही आहे. लंडनला, टोरांटोला, बीरशेव्याला, ठाण्याला, जिथे असाल तिथे माळ्यावर जुनी कॅसेट असेल तर फेकू नका. आधी पेन्सिलने हळूहळू फिरवून फीत मोकळी करा, ओलसर असेल तर लावू नका, जाणत्याकडून उतरवून घ्या. वर काय लिहिले आहे यावर जाऊ नका. गाणे कोणाचेही असो, मागे कोण बोलते आहे तिकडे कान द्या.

दुसरी कॅसेट आम्ही अजून लावलेली नाही. दादाच्या वाढदिवसाला सगळे जमू तेव्हा लावू.