कयाधूच्या खोऱ्यातला इंजिनिअर

निजामाच्या राज्यात कयाधू नदीच्या खोऱ्यातल्या आखाडा बाळापूरच्या पोराला इंजिनिअर व्हायचं, तर हैदराबाद गाठावं लागे. १९२९ साली तिथे उस्मानिया विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. विद्यापीठातलं शिकवणं उर्दूतून, त्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्याने गणितही उर्दूत सोडवायचं.

पाण्याची विद्या मात्र त्याच शहरात आधी प्रत्यक्ष कामावर घडली होती. सप्टेंबर १९०८ मध्ये मुशी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त केलं. पुढच्या वर्षी इंजिनिअर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावणं गेलं. त्यांचं इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याचं, पण खरी तालीम नोकरीत झाली: खानदेशात पाण्याचा सायफन बसवताना, सक्करला नदीपात्रातल्या वाळूतून पाणी गाळून घेताना. पुराला आवर घालणारे उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे जलाशय या अनुभवाचं फळ आहेत.

पुढे इंजिनिअरिंगची कॉलेजं जवळ आली. औरंगाबादला १९६० मध्ये, नांदेडला १९८१ मध्ये. नांदेड तर बाळापूरहून एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याजोगं. अंतर मिटलं, पण शिकवणं पुष्कळदा फळ्यावरच अडकलं, आणि पर्यावरण अभियांत्रिकीत याची किंमत फार मोठी आहे.

पाण्याला तुरटी किती लागेल हे ठरवणारी जार टेस्टच घ्या. सहा बीकरांत गढूळ पाणी, प्रत्येकात तुरटी थोडी वाढवत न्यायची. मिनिटभर जोरात ढवळायचं, मग वीसेक मिनिटं सावकाश. मातीचे कण पुंजके धरतात, जड होतात, तळाला बसतात. कमीत कमी तुरटीत नितळ झालेला बीकर कोणता, हे डोळ्यांनी ओळखावं लागतं. पावसाळ्यातल्या कयाधूचं पाणी या सहा बीकरांत ओतलं, की मुलाला कळतं: कालची मात्रा आज चालेलच असं नाही. जलशुद्धीकरण केंद्रावर पहिल्याच दिवशी लागणारी समज हीच.

प्रयोगशाळेइतकंच गावातही शिकायला हवं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं. त्याच वर्षी राज्याने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं. त्याची मांडणी आयआयटी मुंबईतल्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राच्या, म्हणजे सितारा केंद्राच्या, कामातून आली होती. कॉलेजांनी जिल्ह्यातलेच प्रश्न घ्यायचे, विद्यार्थ्यांनी गावात मोजमाप करायचं आणि अहवाल प्रशासनाला द्यायचा. नळयोजना बंद का पडली, टाकीपर्यंत पाणी चढतं का, वीजबिल कोण भरतं, ही उत्तरं ग्रामसेवकाकडे आणि पंपचालकाकडे बसूनच मिळतात. बाळापूरच्या कळमनुरी तालुक्यात असे प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. या अभ्यासाला पूर्ण गुण आणि पूर्ण सत्र मिळायला हवं.