वसईची दुसरी लढाई

वसईचे नाव निघाले की चिमाजी अप्पा आणि १७३९ सालचा विजय आठवतो. मला तिथली आणखी एक लढाई तितकीच मोलाची वाटते. ती एका नागरिक समितीने लढविली.

समुद्रकाठच्या या गावांत केळीच्या नि पानवेलींच्या वाड्या विहिरी-बावखलांच्या गोड्या पाण्यावर पोसल्या. उपसा बेसुमार झाला की त्या पाण्यात समुद्राचे खारे पाणी शिरते. १९८० नंतर मुंबईची वस्ती इकडे सरकू लागली. वाड्यांच्या जागी इमारती उठल्या, विहिरींवर टँकर येऊ लागले. तेव्हा ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. घरे बांधाल, पण पाणी कोठून आणाल, हा तिच्या लढ्यातला कळीचा प्रश्न.

वाढ काही थांबली नाही. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहर १२ लाखांवर गेले. २०२४ च्या जुलैत फादरही निवर्तले. मात्र गावाच्या वाढीचा हिशेब गावकऱ्यांनीच मागावयाचा असतो, हा धडा समितीने घालून दिला. किल्ला एकदा जिंकला की जिंकला. विहीर मात्र प्रत्येक पिढीला राखावी लागते.