विश्वाची खानेसुमारी

गांव लहान राहणार कीं मोठें होणार, हें पुष्कळसें त्याच्या जागेवर ठरतें. विश्वासही हाच नियम लागू आहे. मात्र तो उमगण्यास शास्त्रज्ञांना अर्धें शतक लागलें.

१९३३ सालीं फ्रिट्झ झ्विकी यांनीं कोमा नांवाचा दीर्घिकांचा समूह तपासला. त्यांतील दीर्घिकांचा वेग इतका होता कीं, दिसणाऱ्या द्रव्याच्या आकर्षणानें त्या एकत्र राहणें शक्य नव्हतें. अर्थात् त्यांना धरून ठेवणारें कांहीं अदृश्य द्रव्य असलें पाहिजे. १९७० नंतर व्हेरा रुबिन यांच्या मोजमापांनीं या तर्कास बळकटी आली. साध्या द्रव्याच्या सुमारें पांचपट असलेलें हें कृष्णद्रव्य पुंज करून राहतें, व त्या पुंजांच्या पोटीं दीर्घिका जन्मतात.

हे पुंज किती, याचें गणित प्रेस व शेश्टर यांनीं १९७४ सालीं मांडलें. आरंभीं द्रव्याची दाटी ठिकठिकाणीं किंचित् कमीअधिक होती. जेथें ती ठराविक मर्यादा ओलांडी, तेथें द्रव्य स्वतःच्या भारानें कोसळून पुंज बने. ते कोठें अधिक, याचा उलगडा निक कायझर यांनीं १९८४ सालीं केला.

दोनशें मीटरांची टेकडी कोंकणच्या किनाऱ्यावर आठशें मीटरांची खूण गांठणार नाहीं. तीच सहाशें मीटर उंच पठारावर असेल, तर माथा खुणेस लागेल. विश्वांतील दाट प्रदेश म्हणजे असें पठार. मोठे पुंज मुळांत दुर्मिळ. म्हणून पठाराचा लाभ त्यांनाच सर्वांत अधिक. विरळ पोकळींत पुंज थोडे, व तेही बहुधा लहानच.

आमच्या मुदखेडासारख्या जंक्शनावर जसे लोहमार्ग मिळतात, तसे द्रव्याचे धागे मिळतात तेथें दाटी होते. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेंतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ सालीं जाहीर केलेला ‘सरस्वती’ महासमूह अशाच दाट प्रदेशांत आहे. मीन राशीच्या दिशेस, सुमारें ४०० कोटी प्रकाशवर्षें दूर, ६० कोटी प्रकाशवर्षें पसरलेल्या या वस्तींत निदान ४३ दीर्घिकासमूह आहेत.

केवळ ‘सरस्वती’ पाहून हिशेब केला, तर विश्वांतील द्रव्य फार भरेल. केवळ पोकळी पाहून केला, तर फार थोडें. पुंज मोजून द्रव्याचें मान ठरविणाऱ्यानें म्हणूनच डोंगराची उंची सांगण्यापूर्वीं त्याखालचें पठार मोजलें पाहिजे.