बंद गाडीचे उतारू

आमच्या ओव्याजवळून आता मेट्रो धावते. बेलापूर ते पेंधर, अकरा स्थानके, अकरा किलोमीटरांहून थोडी अधिक वाट. 2011 साली तिच्या कामाचा नारळ फुटला आणि 17 नोव्हेंबर 2023 रोजी ती खरोखरीच चालू झाली. मधल्या बारा वर्षांत तिच्या उभ्या खांबांविषयी गावात जेवढे बोलणे झाले, तेवढे लग्नकार्याविषयीही झाले नसेल. चालू झाली तेव्हा पहिल्या आठवड्यात सारा गाव पोराबाळांसकट तिच्यात बसून आला. आणि आता? आता ती डोक्यावरून जाते आणि कुणी मान वर करून पाहत नाही. रोज येणाऱ्या पाहुण्याला पाट कोण मांडतो?

याच्या अगदी उलट प्रकार आमच्या पूर्वेला आहे. हवा स्वच्छ असली म्हणजे पनवेलच्या पलीकडे, प्रबळगडाच्या आडून माथेरानचा लांबट, सपाट माथा दिसतो. त्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाने नेरळहून एक चिमुकली आगगाडी चढते. चढते म्हणायचे ते रिवाज म्हणून. कारण वर्षातले कित्येक महिने, आणि कधी कधी तर वर्षेच्या वर्षे, ती चढत नाही. तरी तिचे नाव निघाले की सत्तरीच्या आजोबांपासून पहिलीतल्या पोरापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो, "चालू झाली का हो?" ज्यांनी तिला कधी पाहिलेही नाही, तेसुद्धा हाच प्रश्न विचारतात. या लोभाचे मूळ शोधायचे तर जरा मागे जावे लागेल.

मे 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकला मुक्कामाला होता. समोरचा डोंगर पाहून त्याला हुक्की आली आणि तो वन ट्री हिलच्या बाजूने वर चढला; उतरला तो रामबागेच्या अंगाने. चौक हे पनवेलहून कर्जतकडे जाणाऱ्या वाटेवरचे गाव, तेव्हा माथेरानचा हा 'शोध' आमच्या अंगाने लागला असे म्हणायला हरकत नाही. शोध हा शब्द अर्थात साहेबाचा. धनगर, ठाकूर, कातकरी त्या रानात केव्हापासून नांदत होते, आणि आजही पनवेल तालुक्यातल्या धोदाणीची माणसे डोक्यावर ओझे घेऊन सनसेट पॉइंटच्या वाटेने बाजाराला वर जातात. पण सरकारी कागदावर चढल्याखेरीज डोंगर सापडला असे मानायचे नाही, ही जुनी रीत आहे. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने तिथे लक्ष घातले, बंगले उठले, रस्ते झाले. 1856 साली मुंबईचे रूळ नेरळवरून पुढे सरकले आणि माथेरान मुंबईच्या जवळ आले. मात्र नेरळला उतरल्यावर घोडा, पालखी किंवा स्वतःचे पाय, यांवाचून चौथे वाहन नव्हते. तशीच पन्नास वर्षे गेली.

सर आदमजी पीरभॉय हे मुंबईचे मोठे बोहरी व्यापारी. त्या घराण्यातल्या कुणाची तरी नेरळला वर जायची सोय होईना, आणि त्या रागातून रेल्वे बांधायचा निश्चय झाला, अशी एक कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो. आपल्याकडे मोठी कामे बहुधा कुणाला तरी ताटकळावे लागल्यावरच होतात. आदमजींचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम हाती घेतले, सोळा लाख रुपये ओतले आणि मार्च 1907 मध्ये गाडी वर पोचली. सिमल्याला व्हाइसरॉय उन्हाळ्याला जात, उटीला मद्रासचा गव्हर्नर जाई, आणि मुंबईच्या गव्हर्नराचा उन्हाळा महाबळेश्वरला जाई. माथेरानला असा कुणी राजा नव्हता. ही गाडी एका कुटुंबाच्या पैशांवर उभी राहिली आणि चार दिवस थंडाव्याला जाणाऱ्या साध्या मुंबईकरांना तिने वर नेले.

तिची आखणी करण्यात एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनीयराचा हात होता. हाच आपल्या बार्शी लाइटचा कर्ता. बार्शीला त्याने अडीच फुटी रूळ टाकले. इथे डोंगराची कड एवढी अरुंद की दोन फुटांवर भागवावे लागले. नेरळ जवळजवळ समुद्रसपाटीला, माथेरान सुमारे 800 मीटरांवर. मधली वाट वीस किलोमीटरांच्या आसपास, आणि त्यात सरळ म्हणता येईल असा तुकडा शोधावाच लागतो. काही ठिकाणी वीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर चढणे होते. वळणे अशी की शेवटच्या डब्यातल्या माणसाने पहिल्या डब्यातल्या नातलगाशी खिडकीतून गप्पा माराव्यात. या वळणांसाठी जर्मनीतल्या ओरेनस्टाइन आणि कॉपेल कंपनीने चार इंजिने बनवून दिली. त्यांचे पुढचे आणि मागचे आस किंचित वळू शकत, त्यामुळे सहा चाकांचे ते धूड मांजरीच्या अंगाने कडेकडेने जाई. डिझेलची इंजिने 1950 नंतरच्या दशकात आली, तरी वाफेची ही म्हातारी मंडळी 1980 नंतर दोनतीन वर्षांपर्यंत राबत होती. त्यांतले 740 क्रमांकाचे इंजिन थेट इंग्लंडला गेले आणि लेटन बझर्ड या गावी जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांनी ते जपले आहे. सातासमुद्रापलीकडचा माणूस माथेरानच्या इंजिनाची चाके पुसतो, याचा आम्हांला उगाचच अभिमान वाटतो.

वाटेत स्थानके तीन. जुम्मापट्टी, मग वॉटर पाइप, मग अमन लॉज. वॉटर पाइप हे नाव पाण्याच्या नळावरून पडलेले. तहानलेल्या इंजिनांच्या दिवसांची ती आठवण. संपूर्ण मार्गावर बोगदा एकच आणि तो इतका आखूड की साहेबाने त्याला 'वन किस टनेल' असे नाव ठेवले. त्याचे मराठी भाषांतर घरातल्या सर्वांनी वाचायच्या अंकात करणे बरे नव्हे. कितीतरी वर्षे प्रत्येक डब्याला हाताने दाबायचे ब्रेक होते, आणि दोन डब्यांच्या मध्ये ब्रेकवाले उभे राहून शिट्टीच्या इशाऱ्यावर चाक फिरवीत. गाडी उतरताना तुमचा जीव अक्षरशः त्यांच्या मनगटात असे.

आता ती बंद का पडते, हे सांगितले पाहिजे. डोंगराच्या उभ्या अंगावर कोरलेल्या पायरीवरून ही वाट जाते. वरून तांबडी जांभ्याची माती, खाली दरी, आणि पावसाळ्यात जागोजाग ओढे. ओढ्याला जाऊ देण्यासाठी रुळांखाली मोऱ्या आहेत. मोरी गाळाने तुंबली की पाणी रुळांवर चढते, खडी वाहून जाते आणि रूळ दरीवर लोंबकळत राहतात. म्हणून मृगाच्या सुमारास नेरळ ते अमन लॉज गाडी बंद ठेवायची आणि दिवाळीच्या आगेमागे चालू करायची, असा क्रम आहे. पावसाळ्यात वरच्या वर, अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी होते.

हे झाले नेमाचे बंद. नेमाबाहेरचे निराळे. 26 जुलै 2005 च्या पावसाने अख्खी वाट मोडली. शतकमहोत्सवाच्या तोंडावर, मार्च 2007 मध्ये ती कशीबशी सांधली. मे 2016 मध्ये थोड्याच दिवसांत दोनदा डबे घसरले आणि गाडी थांबविण्यात आली. आता ती कायमची जाते की काय, अशी धास्ती तेव्हा वरच्या लोकांनी घेतली. हवेचे ब्रेक बसवून, कठडे घालून 30 ऑक्टोबर 2017 रोजी वरची छोटी फेरी आणि 26 जानेवारी 2018 रोजी पूर्ण गाडी सुरू झाली. पुढल्याच वर्षी, 2019 च्या पावसात, पुन्हा ठिकठिकाणी वाट वाहून गेली. त्यावर करोनाची साथ आली. पूर्ण गाडी पुन्हा निघाली ती 22 ऑक्टोबर 2022 रोजी, दिवाळीच्या तोंडावर. आपल्या पहिलीतल्या मुलाला गाडी दाखवू म्हणणाऱ्या बापाने ती दाखविली तेव्हा मूल चौथीत गेले होते!

त्याच बंदच्या काळात आमच्या शाळेची सहल माथेरानला गेली. दस्तुरीपर्यंत मोटारी, पुढे मोटारींना बंदी, म्हणून चालत. मुले रुळांच्या कडेने निघाली. कुणी रुळाला कान लावून पाहिला, कुणी स्थानकाची पाटी मोठ्याने वाचली. परत आल्यावर मी 'आमची सहल' असा निबंध घातला. एका मुलीने दीड पान गाडीचे वर्णन लिहिले होते. शिट्टी कशी झाली, वळणावर आजीने देवाचे नाव कसे घेतले, बोगद्यात अंधार होताच धाकटा भाऊ कसा रडला. सहलीत ना गाडी होती, ना आजी, ना भाऊ. मी तिला विचारले, "हे कुठून आणलेस?" ती म्हणाली, "सर, चालू असती तर असंच झालं असतं ना?" मी गुण कापले नाहीत. कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराने ते कोणत्या तोंडाने कापावेत?

करमणुकीच्या बागा बांधणाऱ्यांना हा लोभ चांगला ठाऊक आहे. अमेरिकेत वॉल्ट डिस्ने याला आगगाडीचे असे वेड की त्याने घराच्या परसात लहान रूळ टाकून स्वतः इंजिन चालविले. 1955 साली त्याने आपली डिस्नेलँड ही बाग उघडली तेव्हा तिच्याभोवती पहिल्या दिवसापासून आगगाडी फिरत होती. पुढे तिथे डोंगरही बांधले, आणि त्या खोट्या डोंगरांतून गाड्या सोडल्या. आमच्या खोपोलीजवळ 2013 पासून इमॅजिका आहे. तिथल्या झुल्यावर आमची पोरे किंचाळून येतात आणि खूष होऊन येतात. त्यात वाईट काही नाही. अशा बागांतही एखादा खेळ दुरुस्तीसाठी बंदच राहतो आणि नेमका त्याच्याच नावाने चाहते उसासे टाकतात, असे म्हणतात. पण तो डोंगर मालकाने बांधलेला असतो. यंत्र दुरुस्त झाले की खेळ सुरू. माथेरानचा डोंगर कुणी गाडीसाठी बांधलेला नाही. तो खरा आहे, त्याच्यावर खरा पाऊस पडतो, आणि तो मनात आले की गाडी खाली ढकलून देतो. बंद राहणे हा या गाडीचा दोष नव्हे. खऱ्या डोंगरावर चढण्याची ती किंमत आहे, आणि चाहत्याच्या लोभातला निम्मा भाग याच जाणिवेचा असावा.

मात्र आम्हा चाहत्यांच्या लोभात एक खोट आहे, तीही सांगून टाकतो. आम्हांला बंद गाडी परवडते. आम्ही घरी बसून आठवणी काढतो, हळहळतो, आणि हळहळण्यातही गोडी असते. वर राहणाऱ्यांना ती चैन नाही. 2011 च्या जनगणनेत माथेरानची वस्ती साडेचार हजारांच्याही आत होती. वीर भाई कोतवालांचा जन्म याच गावचा. तिथे शाळा आहे, दवाखाना आहे, म्हाताऱ्या बाया आहेत, बाळंतपणे आहेत. गाडी बंद म्हणजे प्रत्येक गोष्ट दस्तुरीला उतरवून पुढे घोड्यावर, डोक्यावर किंवा हातगाडीवर न्यायची. हमालाच्या पाठीला हळहळीचा उपयोग नाही. गाडीचा खर्च तिकिटांतून निघत नाही, मग चालवायची कशाला, असे म्हणणारे अधूनमधून भेटतात. त्यांना मी विचारतो, आमच्या ओव्याच्या रस्त्याचा खर्च तरी कोणत्या तिकिटातून निघतो?

आणखी एक गोष्ट मला खटकते. गाडीविषयी बोलणे निघाले की बोलणे डब्यांचे होते. काचेच्या छताचा डबा, गाद्यांचा डबा, नवा रंग. डबे सुंदर असावेत, नाही कोण म्हणतो? परंतु ही गाडी आजवर एकदाही रंग उडाला म्हणून थांबलेली नाही. ती थांबली मोरी तुंबली म्हणून, भिंत खचली म्हणून. मोरीचे छायाचित्र कुणी काढीत नाही, आणि तिच्या उद्घाटनाला फीतही कापता येत नाही. तेव्हा तिच्या वाट्याला प्रेम कमी येते.

ते प्रेम करणारी माणसे निराळीच. पाऊस ओसरला की ती रुळांवर दिसतात. फावडी, पहारी, घमेली. कडेची गटारे मोकळी करायची, वाहून गेलेली खडी पुन्हा भरायची, वर अडकलेले दगड आपल्या हाताने खाली पाडायचे, म्हणजे ते पुढे गाडीवर पडू नयेत. जिथे मोटार पोचत नाही तिथे सामान रुळांवरूनच न्यायचे. तेव्हा खालचा तुकडा नीट झाल्याशिवाय वरच्याला हात लावता येत नाही. सारे झाले की एक दिवस गाडी रिकामीच वर सोडतात. आत उतारू नाहीत, खिडक्यांत चेहरे नाहीत; वळणावळणावर थांबत, चाचपत ती चढते.

त्या दिवशी जुम्मापट्टीला ठाकरांच्या बायका काकड्यांच्या पाट्या न घेताच येऊन उभ्या राहतात. गाडी जवळ आली की डबे मोजतात, आणि हिरवी बावटी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला विचारतात, "उद्या माणसं येणार का?"